आधी पावलं, मग बैठक: लयीत चालून मन शांत करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गोदावरीकाठी आम्ही दहा-बारा जण रोज सकाळी पावणेसहाला जमतो. वीस मिनिटं सावकाश, मोजून चालतो आणि मग दहा मिनिटं गप्प बसतो. एवढंच करतो. मी निवृत्त पी.टी. शिक्षिका. तीस वर्षं मुलांकडून कवायत आणि लेझीम करून घेतली. नवीन येणारे बहुतेक तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ध्यानाला बसलं की मन शांत व्हायच्या ऐवजी जास्तच पळतं. माझं काही चुकतंय का?

काहीही चुकत नाही. मन आधीही पळतच होतं, बसल्यावर ते पहिल्यांदा तुमच्या लक्षात आलं. हाताला काम नसलं की मेंदू आपोआप मागचं उगाळतो नाहीतर पुढचं रंगवतो. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या रिकाम्या वेळच्या कामाला नाव दिलं, आणि आता 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हा शब्द सगळीकडे वाचायला मिळतो. त्यात शरीराचीही भर असते. काळजी असली की स्नायू ताठ होतात, श्वास वर छातीत अडकतो, नाडी जलद चालते. ही सगळी तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची. त्या शरीराला आपण मांडी घालून "हलायचं नाही" असं बजावतो. ते ऐकेल कसं?

शाळेतली एक गोष्ट सांगते. आषाढातला मुसळधार पाऊस, मैदान बंद, आठवीचा ऑफ तास आणि वर्गात साठ मुलं. ओरडून पाहिलं की तेवढ्यापुरती शांतता होते आणि दोन मिनिटांत पुन्हा बाजार भरतो. त्या दिवशी माझा घसा बसलेला होता, म्हणून मी डस्टर उलटं धरून टेबलावर चार ठोके द्यायला लागले. एक, दोन, तीन, चार. काही बोलले नाही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं टाळी धरली. मग मागच्या बाकांवरून पायांचा ठेका आला. आवाज आधीपेक्षा वाढला, पण आता तो सगळ्यांचा मिळून एक आवाज होता. तो एक झाल्यावर मी ठोके हळू करत नेले, मुलंही हळू झाली, आणि शेवटच्या ठोक्यानंतर वर्गात फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. बसण्याआधी चालायचं कशाला, असं कुणी विचारलं की मला तो तास आठवतो.

मग नेमकं करायचं काय?

चाळीस-पन्नास पावलांचा सपाट, सरळ पट्टा निवडा. सोसायटीचं पार्किंग, गच्ची, अंगण, काहीही चालेल. त्याच पट्ट्यावर जायचं आणि यायचं. लांब फेरी मारण्यापेक्षा येरझारा बऱ्या, कारण रस्ता ओलांडायचा नाही, कुठे वळायचं ते ठरवायचं नाही, दुकानांच्या पाट्या वाचायच्या नाहीत. मनाला नवीन खाऊ मिळत नाही.

पहिली पाच मिनिटं नेहमीच्या वेगानं चाला, अंग मोकळं होऊ द्या. मग वेग उतरवत साधारण सेकंदाला एक पाऊल इथपर्यंत आणा. हात हवे तसे ठेवा. नजर दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर, पण मान खाली घालून नाही, त्यानं खांदे भरून येतात. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटं सुटतात, एवढंच लक्षात घ्यायचं. मनात एक ते चार मोजत राहा. मोजणी कुठे हरवली ते शोधत बसू नका, पुन्हा एकपासून धरा. वीस मिनिटांत ती पन्नास वेळा हरवेल. हरवल्याचं ध्यानात येणं हाच सराव आहे.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे पट्ट्याचं टोक. तिथे वळताना लय तुटते आणि नेमकं त्याच क्षणी लाइटबिल, पोरीची परीक्षा, वहिनींचं बोलणं आत शिरतं. म्हणून टोकाला थांबायचं, एक पूर्ण श्वास उभ्यानं घ्यायचा, वळायचं, पुन्हा एक श्वास घ्यायचा आणि मगच पाऊल उचलायचं. नवीन लोक हे थांबणं वगळतात. मग तक्रार येते की लक्ष लागत नाही.

श्वास मोजायचा की पावलं?

पहिले दोन आठवडे फक्त पावलं. श्वासाकडे मुद्दाम पाहिलं की काहींना उलट गुदमरल्यासारखं होतं. पाय तेवढे नाजूक नसतात, त्यांच्याकडे कितीही बघा.

पावलं बसली की दोन्ही जुळवा: चार पावलांत श्वास आत, सहा पावलांत बाहेर. सेकंदाला एक पाऊल धरलं तर एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. या सहाच्या आकड्यात काहीतरी आहे. इटलीतले लुचिआनो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हीकडे तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या गतीला हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची नैसर्गिक लाट श्वासाशी जुळून आली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वासाची लांबी एकच. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

दम लागत असेल तर तीन आणि चार पावलं करा. ओढूनताणून सहा गाठायचे नाहीत. चक्कर आली तर मोजणं सोडून साधं चाला.

चालूनच बरं वाटतं. शेवटी बसलंच पाहिजे का?

हो. मी आग्रही आहे ती फक्त या एका गोष्टीबद्दल.

रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणारं घर आठवा. बाळ शांत होतं, आपण लगेच पाळण्यात ठेवतो आणि ते टक्क जागं होतं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये नेमकं हेच मोजलं. बाळाला घेऊन पाच मिनिटं चाललं की रडणं थांबतं, बरीच बाळं झोपतातसुद्धा. पण लगेच खाली ठेवलं तर उठतात. चालून झाल्यावर पाच ते आठ मिनिटं बाळाला घेऊन नुसतं बसलं आणि मग ठेवलं तर झोप टिकण्याची शक्यता वाढते. आपल्या आज्या हे संशोधनाशिवाय करत होत्या.

मोठ्यांचं मनही चालून नुकतंच निवलेलं असतं. ते तसंच उचलून मोबाइलच्या हातात दिलं तर वीस मिनिटं वाया गेली असं समजा.

मला हे कळलं ते दवाखान्यात. माझे यजमान अतिदक्षता विभागात होते, नऊ रात्री. बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये पांढरी फरशी होती आणि दर सहावी ओळ काळी. मी त्या ओळी मोजत रात्रभर चालायचे. चालताना बरं वाटायचं, थांबलं की पोटात खड्डा पडायचा, म्हणून पुन्हा चालायचे. पाचव्या रात्री एक सिस्टर म्हणाली, "काकू, पाय सुजलेत तुमचे, बसा बरं जरा इथे." तिनं हाताला धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःही शेजारी दोन-चार मिनिटं बसली. तेव्हा पायांतली लय अंगात तशीच चालू होती, मी मात्र स्थिर होते. भीती होतीच, पण माझ्या हातभर पलीकडे होती. उरलेल्या चार रात्री मी चालून झालं की बसत गेले. यजमान घरी आले, आता तेही आमच्याबरोबर चालतात.

बसल्यावर काय करायचं?

बाकावर, खुर्चीवर, सतरंजीवर, जसं जमेल तसं. पाठ ताठ पण कडक नाही. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवा. पावलांचा ठेका काही क्षण अंगात जाणवत राहतो, तो विरताना बघा. विरला की श्वास येतोय-जातोय तिथे लक्ष ठेवा. दहा मिनिटं पुरे.

इअरफोनवर गाणी किंवा मंत्र लावून चाललं तर?

व्यायामासाठी जरूर लावा. यासाठी नको. बाहेरचा ठेका तुमच्या पायांना ओढत नेतो, आपली आपली लय सापडत नाही. आणि सकाळी अंधारात मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे.

आमची पोरं ढोल पथकात आहेत. त्यांना ढोलातच शांत वाटतं म्हणतात. ते चालेल का?

नाशिक ढोल ऐकून अंगावर काटा येत नाही असा नाशिककर मला भेटलेला नाही. ढोलात मन एकाग्र होतं, यात शंका नाही. पन्नास जणांचा टिपरू एका वेळी पडला पाहिजे म्हटल्यावर दुसरा विचार करायला जागाच नसते. पण त्या लयीची दिशा वर चढण्याची असते. वेग वाढतो, छाती धडधडते, घाम फुटतो, आणि मिरवणूक संपल्यावर जी शांतता वाटते तिच्यात थकव्याचा वाटा मोठा असतो. कान तासभर वाजत राहतात. (कानात बोळे घालायला सांगा पोरांना, खरंच.)

लेझमीतही मी हेच पाहिलं. पहिल्या संथ हातांत मुलं आपल्यात असतात, शेवटच्या जलद हातांत ती जल्लोषात असतात. दोन्ही हवं. मन शांत करायचं असेल तर लय उतरत्या क्रमानं जायला हवी, एवढाच फरक. पथकातल्या मुलांना मी एकच सांगते: सराव संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. मैदानातच दहा मिनिटं हळूहळू चाला, पाच मिनिटं बसा, मग घरी जा. आमच्या गल्लीतल्या दोघांनी करून पाहिलं. रात्री झोप लागायला लागली म्हणाले.

मोजण्याऐवजी नाम घेतलं तर? आणि ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी?

नाम घ्या की. वारीत टाळ-मृदंगावर पाऊली खेळताना हजारो लोक हेच करतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते, तिच्याबरोबर चाललेल्यांना विचारा. पहिले दोन दिवस पायांचे फोड आठवतात, नंतर पाय आपोआप पडतात आणि नाम पायांत उतरतं. फक्त नाव छोटं असू द्या, दोन किंवा चार पावलांत बसणारं.

देव न मानणाऱ्यांनी आकडे मोजावेत. आमच्यात दोन्ही प्रकारचे लोक आहेत, शेजारी चालतात, कुणाच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

ही पद्धत कुठल्या एका पंथाची नाही. जपानमधल्या झेन मठांत दोन बैठकांच्या मध्ये किन्हिन नावाचं संथ चालणं असतं. बौद्ध परंपरेत चालत केलेल्या ध्यानाला चंक्रमण म्हणतात, आणि अंगुत्तर निकाय या जुन्या बौद्ध ग्रंथात त्याचे पाच फायदे सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, साधनेची ताकद येते, प्रकृती ठीक राहते, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचवा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरच्या चोवीस लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहत होते. तिथल्या ओसरीत दगडी बाकावर टेकून खाली शहर पाहिलं की मला नेहमी वाटतं, पावसाळ्याच्या मुक्कामात इथेही कुणीतरी पहाटे पावलं टाकत असणार.

मी इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलं आहे. यानं गोंधळ होईल का?

आमच्या गटात असे तिघे आहेत, त्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरात दुसरी कुठलीही पद्धत मिसळू नका असं स्पष्ट सांगतात, आणि शिबिरात ते काटेकोर पाळावं. तिथे श्वास नुसता जाणायचा असतो. मोजणी, नाम, आकृती काही जोडायचं नसतं. म्हणून घरी परतल्यावर मोजणी फक्त चालण्यापुरती ठेवा. बसलात की मोजणं सोडा आणि तिथे शिकवलं तसंच करा. आमच्या तिघांचा अनुभव असा की दिवसभराच्या धावपळीनंतर संध्याकाळची बैठक टळत होती, ती आधी पंधरा मिनिटं चालल्यानं होऊ लागली.

आम्ही शेतकरी. दिवसभर बागेत उभं राहून काम करतो. आणखी चालायला कशाला सांगता?

निफाडकडच्या एका दादांनी हे जरा रागानंच विचारलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, काडी बघून कात्री चालवताना हाताला जी लय येते ती माझ्या चालण्यापेक्षा कितीतरी अस्सल आहे. अडचण कामात नसते. कात्री हातात असते आणि डोक्यात औषधांची उधारी, अवकाळीचा अंदाज आणि व्यापाऱ्याचा भाव फिरत असतो. त्यांना मी वेगळं चालायला सांगितलं नाही. दिवसातली एकच ओळ निवडा म्हटलं, शक्यतो सकाळची पहिली. त्या ओळीला फोन खिशात, बोलणं बंद, फक्त काडी, कात्री आणि श्वास. ओळ संपली की बांधावर पाच मिनिटं बसायचं, मग पुढचं काम.

माझी आजी पहाटे जात्यावर दळायची. ओवीची एक ओळ आणि जात्याचा फेरा एकत्र संपायचे, मी गोधडीतून ऐकत असायचे. शेवटची मूठ दळून झाली तरी ती लगेच उठायची नाही. खुंट्यावर हात तसाच, डोळे मिटलेले, नाकाच्या शेंड्यावर पीठ. मग सावकाश पदरानं तोंड पुसून पीठ भरायला घ्यायची. दळणानंतरच्या त्या दोन मिनिटांना घरात कुणी हाक मारत नसे.

गुडघे दुखतात. काय करू?

घरात झोपाळा असेल तर भाग्यवान आहात. पाय जमिनीला टेकवून हलकेच झोका घ्या आणि झोका मोजा. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संथ झुलणाऱ्या पलंगावर तरुणांना झोपवून पाहिलं. झोप लवकर लागली आणि गाढ लागली. चार सेकंदांना एक झोका, अशी त्याची गती होती. झोपाळा नसेल तर खुर्चीत बसून टाचा आळीपाळीनं उचला-टेकवा, किंवा जपमाळ ओढा. बोटांचीही हालचालच आहे.

नाशिकमध्ये कुठे चालावं?

घराजवळ, हे पहिलं उत्तर. जागा लांब असली की आठवड्यात सवय मोडते.

तरी विचारताच म्हणून सांगते. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक सोयीचे आहेत, पण सहा-साडेसहानंतर जलद चालणारे मागून येतात, संथ चालणाऱ्यांनी कडेनं चालावं. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायचं तर पहाटेच. रामकुंडाजवळ गर्दी आणि विधी चालू असतात, तिथे येरझारा घालून कुणाच्या मध्ये येऊ नये. सोमेश्वरकडे पावसाळ्यात पाण्याचा आवाज इतका असतो की मोजणी आपोआप थांबते, पण खडक निसरडे होतात, धबधब्याच्या काठाशी जाऊ नका. पांडवलेण्यांच्या पायऱ्या संथ चालण्यासाठी नाहीत. त्या दमानं चढायच्या आणि वर बसायचं. आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी वर्षातून एकदा जरूर करा, पण वीसेक किलोमीटरची ती फेरी एकदम करायला जाऊ नका, महिनाभर आधी सराव हवा.

पावसात आम्ही फ्लायओव्हरखाली किंवा कुणाच्या पार्किंगमध्ये चालतो.

किती दिवसांत फरक पडतो?

त्या दिवसापुरता फरक पहिल्याच आठवड्यात बऱ्याच जणांना जाणवतो. खांदे उतरतात, घरी गेल्यावर आवाज चढत नाही. सवय लागायला मात्र दोन-तीन महिने द्या. आठवड्यातून पाच दिवस पुरे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

चालताना किंवा बसल्यावर एकदम रडू येतं. घाबरायचं का?

रडू येऊ द्या. धरून ठेवलेलं सैल होतं तेव्हा ते येतं, आमच्याकडे कुणी बघत नाही, कुणी समजूत काढायला धावत नाही. पाण्याची बाटली पुढे करतो, बस्स.

पण छातीत धडकी भरत असेल, जुने भयंकर प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, बसल्यावर आपण आपल्यातच नाही असं वाटत असेल, तर बसणं थांबवा. डोळे उघडे ठेवून कुणाच्या तरी सोबतीनं नुसतं चाला आणि डॉक्टरांना भेटा. झोप-भूक दोन आठवड्यांपासून गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर चालण्याची वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या आमच्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. एका ताईंनी बरं वाटतंय म्हणून मनानंच बंद केल्या होत्या. महिन्याभरात त्यांना फार त्रास झाला. त्या आता गोळ्याही घेतात आणि चालतातही.

फी किती? पहिल्या दिवशी काय आणू?

फी नाही. सैल कपडे, पाण्याची बाटली, थंडीत कानटोपी आणि बसायला एखादं जुनं बस्कर. बूट जुनेच बरे. पाच मिनिटं आधी या म्हणजे पट्टा वाटून घेता येतो. आल्यावर नाव सांगा, चालताना बोलू नका. बैठक झाल्यावर चहा आहे, तेव्हा पोटभर बोला.